नियमाप्रमाणे दोन पुस्तकं

६ जानेवारी २०२५, सोमवार

आज वाचनालयाच्या कार्यकारिणीची बैठक झाली आणि माझ्यावर कादंबऱ्या वाचण्याची जबाबदारी आली. म्हणून ही वही सुरू करतो आहे. उद्या कुणी म्हणालं की ऋषिराज, म्हणजे मी, असं बोललाच नव्हता, तर तारीखवार लिहिलेलं असावं.

झालं असं. बुधवारी आणि शुक्रवारी मी दादाच्या जुन्या मोटरसायकलला मागे टोमॅटोचा क्रेट बांधून बावडा गावाच्या आसपासच्या वस्त्यांवर पुस्तकं पोचवतो. क्रेटमध्ये निम्म्याहून जास्त प्रेमकथा असतात, कारण वस्त्यांवरच्या बायका त्याच मागतात. त्याबद्दल संभाजीनानांनी तक्रार केली. नानांची ओढ्यापलीकडं ऊस रोपवाटिका आहे आणि त्यांची मुलगी माधवी आमची सभासद आहे. तिनं दिवाळीपासून तीन स्थळं नाकारली. पहिल्या मुलाला तिनं विचारलं की राग आल्यावर तुम्ही काय करता. तो वडिलांच्या तोंडाकडं बघायला लागला. दुसऱ्याला विचारलं की शेवटचे कधी रडला होता. तो म्हणाला, कारखान्याच्या निवडणुकीत आमचं पॅनल पडलं तेव्हा. तिसऱ्याला काय विचारलं ते नानांना ऐकू आलं नाही, पण तो चहा न पिता गेला.

नाना म्हणाले, "ही पुस्तकं वाचायच्या आदी पोरगी आसलं कायबी इचारत नव्हती. ह्यात काय लिवलंय ते एकदा कुणीतरी बगा."

अध्यक्ष तात्यांनी सगळ्यांकडं पाहिलं. सगळ्यांनी पंख्याकडं पाहिलं. मग ठरलं की मी वाचायच्या, प्रत्येक पुस्तकावर लेखी अभिप्राय द्यायचा, आणि पुढच्या बैठकीत प्रेमकथा ठेवायच्या की बंद करायच्या ते ठरवायचं. बंद झाल्या तर फेरीही बंद होईल, कारण नुसत्या चरित्रांसाठी कुणी गाडीत पेट्रोल घालणार नाही. फेरी गेली तर मला वाचनालयात ठेवायचं काय कारण उरतं, हे मला तरी सांगता येणार नाही.

मी अकरावीत शाळा सोडली. वाङ्मयावर मत द्यायला माझं शिक्षण पुरेल का, असं मी बैठकीनंतर तात्यांना विचारलं. ते म्हणाले, पुरणार नाही, पण पुस्तकंही तशीच असतील.

९ जानेवारी, गुरुवार

अभिप्राय क्रमांक एक. करार करून लग्न.

नायक अठ्ठाविसाव्या वर्षी बऱ्याच कंपन्यांचा मालक आहे. त्या कंपन्या काय तयार करतात ते पुस्तकात कुठंही दिलेलं नाही. तो काचेच्या खिडकीपाशी उभा राहून जबडा आवळतो. वडिलांच्या ऑपरेशनसाठी नायिका त्याच्याशी एक वर्षाच्या करारावर लग्न करते. करारावर साक्षीदार नाहीत. साधी भाड्याची खोलीसुद्धा अकरा महिन्यांच्या करारानं देतात, बारा झाले की भानगड होते. एवढ्या कंपन्यांच्या मालकाला हे माहीत नसावं हे पटत नाही. पृष्ठ ११२ वर 'आशीर्वाद' चुकीचा छापला आहे.

शेवटची वीस पानं मी उभा राहून वाचली. त्याचं कारण सांगता येत नाही.

सुप्रियावहिनींनी पुस्तक मागून घेतलं, मधलंच पान वाचलं आणि म्हणाल्या, "भावजी, ह्यो जबडा का आवळतो? दात दुखत्यात का त्याचं?" मी सांगितलं की तो भावना दाबतो. वहिनी म्हणाल्या, "तुमचं दादा बी आवळत्यात. मी गेल्या वर्सी त्यास्नी लवंगाचं तेल दिलं."

१० जानेवारी, शुक्रवार

फेरी. नानांच्या वस्तीवर माधवी रोपांच्या ट्रेमध्ये कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, भरत होती. तिला माझ्या कामाबद्दल घरातून कळलं होतं. तिनं पहिल्या पुस्तकावरचं मत विचारलं, मी करारातली त्रुटी सांगितली. ती हसली. मग म्हणाली की करार मलाही पटला नाही, पण एक गोष्ट या पुस्तकांत असते ती दुसऱ्या पुस्तकांत नसते. "ह्यात बाईला इचारत्यात. तुला काय पायजे म्हणून. खोटं का हुईना, पण इचारत्यात." हे मी अभिप्रायात घ्यावं की नाही याचा विचार करतो आहे. मत माझं नाही, पण नोंद घेण्यासारखं आहे.

नेहमीप्रमाणे तिनं एकच पुस्तक घेतलं. नियमाप्रमाणे फेरीच्या सभासदाला दोन पुस्तकं मिळतात. हे मी तिला दिवाळीआधी सांगितलं, दिवाळीनंतर सांगितलं आणि आज पुन्हा सांगितलं. दोन घेतली तर मला त्या वस्तीवर एकाआड एक फेरीला गेलं तरी चालेल आणि ओढ्यातून गाडी काढायची कसरत वाचेल. ती म्हणाली, "मला एकच पुरतं." तसं दिसत नाही, कारण बुधवारी नेलेलं शुक्रवारी वाचून तयार असतं. पण सभासदाशी वाद घालू नये.

त्यांच्याकडं चहाला इतर वस्त्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. गोठा घरामागंच आहे, तेव्हा दूध लांबून आणावं लागत असेल असं नाही.

१३ जानेवारी, सोमवार

अभिप्राय दोन आणि तीन एकत्र देतो, कारण दोन्हींत तेच आहे. आधी दोघं भांडतात, मग प्रवासाला निघतात, मग लॉजवर एकच खोली शिल्लक असते आणि खोलीत एकच पलंग असतो. दोघं पलंगाकडं बघून घाबरतात. यावर एक संपूर्ण प्रकरण आहे. यात्रेला पाहुणे आले की आमच्या दोन खोल्यांत अकरा माणसं झोपतात आणि कुणालाही त्याचं प्रकरण लिहावंसं वाटत नाही.

दुसरी गोष्ट. नायक उद्धट असला की त्याची काहीतरी जुनी जखम निघते आणि मग त्याला माफ करायचं असतं. आज इंदापूर स्टँडवर कंट्रोलर माझ्यावर विनाकारण ओरडला. मी बराच वेळ त्याच्या जुन्या जखमेचा विचार करत उभा राहिलो. गाडी चुकली.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत झाली, त्यामुळं आज फेरीत सगळीकडं तिळगूळ मिळाला. इतर वस्त्यांवर हातावर दिला. माधवीनं स्टीलचा डबा भरून दिला, वर रुमाल बांधून. लाडू तिनं स्वतः वळले असं कौसल्याकाकू, म्हणजे तिची आई, घरातून ओरडून म्हणाल्या.  डबा परत करायचा आहे, विसरू नये.

अभिप्राय क्रमांक चार तिथंच तोंडी सांगितला. या पुस्तकात नायिका दोन वर्षं नायकाला रोज स्वतःच्या हातचा डबा पाठवते आणि नायकाला वाटतं की तो खानावळीतून येतो. दोनशे पानं त्याला काहीच कळत नाही. मी म्हणालो, हा प्रकार अशक्य आहे आणि त्यामुळं संपूर्ण कादंबरी कोसळते. शुद्धीवर असलेल्या कुठल्याही माणसाला हे तीन प्रकरणांत कळलं असतं.

माधवी ट्रेकडं बघत होती. म्हणाली, "तुमाला कळलं आसतं?"

मी म्हणालो, मला पहिल्याच प्रकरणात.

"बरं," ती म्हणाली. एवढंच. मग तिनं एक पुस्तक घेतलं आणि आत गेली. चहा आज काकूंनी आणला. लगेच झाला.

१७ जानेवारी, शुक्रवार

काकू आज बाहेर येऊन बसल्या आणि माझ्याकडं बराच वेळ पाहत राहिल्या. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं, तेच असावं. दादाचं आणि माझं शेत वाटून झालं का, असंही विचारलं. मी सांगितलं, एकत्रच आहे. माधवी रोपांना पाणी देत होती, एकाच ट्रेला बराच वेळ.

पाचवं पुस्तक वाचून झालं. त्यावरचा अभिप्राय नंतर देतो. आमच्याकडं ऊसतोड चालू आहे, हवेत पाचटाची धूळ फार आहे, डोळ्यांत जाते.

२० जानेवारी, सोमवार

तपासणी झाली. जिल्ह्याच्या कार्यालयातून या महिन्यात न कळवता कधीही येतील असं तात्यांनी सांगून ठेवलं होतं, त्यामुळं मी रोज इस्त्रीचा शर्ट घालत होतो. सकाळी पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात छोटी डायरी असे एक गृहस्थ पिकअपमधून उतरले. पिकअपमध्ये उसाच्या रोपांचे रिकामे ट्रे होते. सरकारी माणसंही आता जोडधंदा करतात. नाव रणजित म्हणाले, सांगवीहून आलो, जरा चौकशी होती. बारामती तालुक्यात सांगवीला कार्यालय आहे हे मला माहीत नव्हतं. मी खुर्ची पुसून दिली.

त्यांनी रजिस्टर मागितलं नाही. मी पुढं केलं तर बाजूला सरकवलं. सगळे प्रश्न कर्मचाऱ्याबद्दल होते. शिक्षण का सोडलं. घरी कोण कोण. विहिरीला पाणी कधीपर्यंत टिकतं. व्यसन. व्यसनात मी चहा सांगितला, कारण सरकारी माणसाशी खोटं बोलायचं नव्हतं. तपासणीचा नमुना बदललेला दिसतो. पूर्वी फक्त कपाटं बघत. आता माणूसही बघतात, हे योग्यच आहे.

मग ते म्हणाले, "वस्त्यांवर जाता, पोरीबाळींशी बोलता. मनात काय हाय तुमच्या?"

नानांची तक्रार वरपर्यंत गेली हे मला कळलं. तरी मी उत्तर नीट दिलं. म्हणालो, "साहेब, माझा कुठल्याही सभासदाशी पुस्तकापलीकडं संबंध नाही. पुढंही असणार नाही."

"आन लग्नाचं?"

"विचारच नाही साहेब. माझं सगळं लक्ष वाचनालयात आहे."

त्यांनी डायरी मिटली. मी कव्हर घालत होतो त्या पुस्तकाकडं जरा वेळ पाहिलं, "हात चांगला हाय तुमचा," म्हणाले आणि अर्धा चहा ठेवून उठले. जाताना समोरच्या पानटपरीवर थांबून तिथंही माझ्याबद्दल विचारत होते. इतकी सखोल तपासणी मी पहिल्यांदा पाहिली. एकंदरीत उत्तरं चांगली गेली.

२२ जानेवारी, बुधवार

नानांच्या वस्तीवर माधवी दिसली नाही. काकूंनी वाचलेलं पुस्तक आणून दिलं आणि म्हणाल्या, "आता दोन देऊन ठेवा. सारखं सारखं यायची गरज न्हाय."

मी दोन पुस्तकं दिली. शेवटी नियम पाळला गेला.

काकूंनी सांगितलं की अकलूजचं स्थळ आलं आहे. पेट्रोल पंप आहे. मुलगा पंपावर असतो की पंपच त्यांचा आहे ते मला नीट कळलं नाही आणि विचारणं बरं दिसलं नसतं. दोन फेब्रुवारीला, रविवारी, बघायला येणार आहेत. माधवी यंदा न्हाय म्हणणार न्हाय, असंही म्हणाल्या. मी अभिनंदन केलं. काकू माझ्याकडं अशा बघत राहिल्या की मी बटण तपासलं. बटण होतं.

चहा झाला नाही. डबा द्यायचा राहिला, तो वाचनालयातल्या कपाटात आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज ओढा ओलांडायचा नव्हता. फेरी लवकर संपली. सवयीनं ओढ्यापर्यंत गाडी गेली, ती परत वळवली.

छातीत जळजळ होते आहे. वहिनींनी ओवा दिला. फरक नाही.

अभिप्राय क्रमांक सहा. शेवटच्या प्रकरणात नायिका परदेशी निघते आणि नायक तिला अडवायला विमानतळावर पळत सुटतो. गाडी असताना पळतो. फोन दोघांकडंही आहे. हाच प्रकार आमच्या स्टँडवर करायचा म्हटला तर गाडीच वेळेवर येत नाही, त्यामुळं पळायचं कारण उरत नाही. मुख्य आक्षेप असा की त्याला जे सांगायचं होतं ते तो आधी कधीही सांगू शकला असता. आदल्या पानापर्यंत त्याला नेमकी काय अडचण होती, हे लेखिकेनं स्पष्ट करायला हवं होतं.

२७ जानेवारी, सोमवार

एक विचित्र गोष्ट झाली. आज तपासणी झाली.

पुण्याहून एक मॅडम जीपमधून आल्या. त्यांनी रजिस्टर पाहिलं, कपाटं पाहिली, नळाला पाणी येतं का विचारलं आणि सही केली. मी वाट बघत होतो. शेवटी मीच विचारलं की कर्मचाऱ्याच्या जमिनीची आणि व्यसनाची माहिती नको का. मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं की मागच्या सोमवारी आपल्याच कार्यालयातून एक साहेब येऊन गेले, सांगवीचे. त्या म्हणाल्या, आमच्याकडून कुणीही आलेलं नाही आणि सांगवीला आमचं काही नाही.

मग तो माणूस कोण होता? त्याला आमच्या विहिरीचं पाणी, खोल्या, दादाची कामाला जायची वेळ, सगळं माहीत झालं आहे. मोटर चोरणारी टोळी असू शकते. तात्यांना सांगितलेलं नाही. घरी गेल्यावर विहिरीवरच्या मोटरीची पेटी कुलूप लावून बंद केली.

२८ जानेवारी, मंगळवार

वहिनींना सांगावं लागलं, कारण कुलपाची किल्ली दादा मागत होता. त्या भाकरी थापत होत्या. मी एकेक प्रश्न आणि दिलेलं उत्तर क्रमानं सांगितलं. विहिरीच्या पाण्याच्या प्रश्नावर त्यांचे हात थांबले. व्यसनावर त्या खाली बसून हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. लग्नाच्या उत्तरावर हसायच्या थांबल्या.

"भावजी, त्यो माधवीचा मामा व्हता."

मी म्हणालो, मग त्यांनी तसं सांगायला हवं होतं.

"चौकशीला आल्यालं माणूस मी चौकशीला आलोय आसं सांगतं व्हय? तुमच्या दादास्नी बगायला आमचं चुलतं गुळाचं गिऱ्हाईक हून आलं हुतं. अर्धी ढेप इकत घिऊन गेलं." त्यांनी भाकरी उलटली. "आन पोरीनं तोंडानं नाव सांगितल्याबिगर मामा सांगवीवरनं येत न्हाय. ती एकच पुस्तक का नेत हुती?"

मी म्हणालो, एकच पुरतं म्हणाली होती.

  भाकरी करपली, तिच्याकडं वहिनींनी बघितलं नाही. मग विचारलं, तिळगुळाचा डबा कुठं आहे. मी सांगितलं, कपाटात. "रिकामा?" मी म्हणालो, धुऊन ठेवला आहे. त्यांनी कपाळावर पिठाचा हात मारून घेतला.

संध्याकाळी अभिप्राय क्रमांक चार पुन्हा वाचला. 'शुद्धीवर असलेल्या कुठल्याही माणसाला' असं मी लिहिलं आहे. शुद्धलेखन बरोबर आहे. बाकी काहीच बरोबर नाही.

ओव्यानं फरक का पडला नाही तेही कळलं.

३० जानेवारी, गुरुवार

काल फेरी होती, पण ओढा ओलांडला नाही. आधी मामांना भेटायचं ठरवलं आणि आज सांगवीला गेलो. चुकीचं उत्तर ज्यांना दिलं, दुरुस्ती त्यांच्याकडंच करायला हवी. फोन नंबर मिळाला असता, पण दुरुस्ती समोर बसून केलेली बरी.

इंदापूरहून बारामती, बारामतीहून फलटणची गाडी. स्टँडवर गाडी येईना. बाकावर बसून उत्तरं पाठ केली. नायकाला कधी गाडीची वाट बघत बसावं लागत नाही, आणि बसावं लागलं असतं तर निम्मे नायक घरी गेले असते असं वाटतं. मीही दोनदा उठलो होतो.

मामा म्हशीला पाणी पाजत होते. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही की वाटलं ते कळलं नाही. मी म्हणालो, वीस तारखेला दिलेल्या उत्तरांत दुरुस्ती आहे. शिक्षण, शेत, विहीर आणि चहा, तेवढं बरोबर आहे. शेवटची दोन उत्तरं मी तपासणी अधिकारी समजून दिली होती.

मामांनी बादली खाली ठेवली. "म्हंजी सरकारी माणूस आला तर लगीन करायचं न्हाय, आन मामा आला तर करायचं. आसं हाय व्हय?"

मी म्हणालो, "लग्न करायचं असं नाही. माधवीशी करायचं."

हे वाक्य पाठ केलेलं नव्हतं. म्हशीनं पाणी प्यायचं थांबवलं असं मला वाटलं, पण ते तिचं संपलं असेल.

मामा म्हणाले, "पानटपरीवाला म्हणला हुता, पोरगं सरळ हाय. इतकं आसंल आसं वाटलं नव्हतं." मग म्हणाले की अकलूजच्या पाहुण्यांना दाजींनी, म्हणजे संभाजीनानांनी, शब्द दिला आहे, रविवारी ते येणार, त्यात मी मध्ये पडणार नाही. "तुजं नाव तिनं सांगितलं म्हणून मी आलतो. तू तिला काय सांगितलंयस?"

मी आठवून पाहिलं. म्हणालो, नियम.

त्यांनी मला फलटण-बारामती गाडीत बसवून दिलं. तिकिटाला सुटे होते का तेही विचारलं.

३१ जानेवारी, शुक्रवार

ओढा ओलांडला. वहिनींनी डब्यात शेंगदाण्याचे लाडू भरून दिले होते.

माधवी शेडमध्ये ट्रे भरत होती. डबा समोर ठेवला. मी म्हणालो, तुमच्या मामांना चुकीची उत्तरं दिली होती, ती काल सांगवीला जाऊन दुरुस्त केली.

"मामाचा फोन आलता," ती म्हणाली. ट्रे भरत राहिली. कोकोपीट सांडत होतं, तिकडं तिचं लक्ष नव्हतं. "मामाला सांगितलं. वहिनीला बी ठाव हाय. म्हशीला बी कळलं म्हणं. मला कुणी सांगितलंय का अजून?"

मग मी सांगितलं. वाक्य इथं लिहीत नाही. साधं होतं, पुस्तकातल्यासारखं नव्हतं, आणि मध्येच गोठ्यातून काकूंनी वासराला हाक मारली म्हणून दोनदा सांगावं लागलं.

तिनं हात पुसले. विचारलं, "राग आल्यावर काय करता तुमी?"

हा पहिल्या मुलाला विचारलेला प्रश्न आहे हे मला माहीत होतं, तरी उत्तर तयार केलेलं नव्हतं. म्हणालो, पुस्तकांना कव्हरं घालतो.

"मागच्या आठवड्यात किती घातली?"

कपाट संपलं, मी म्हणालो.

"आन शेवटचं कधी रडलाय?"

"पाचवं पुस्तक. पृष्ठ दोनशे चार."

तिनं पाठ फिरवली. खांदे हलत होते. हसत होती की काय ते मागून कळत नाही. तशीच पाठमोरी म्हणाली की पहिल्याच प्रकरणात कळलं असतं असं कुणीतरी म्हणालं होतं. मी म्हणालो, ते मत मी मागं घेतो, लेखी.

"परवा पाव्हणं हायत," ती म्हणाली. "आज पुस्तक नको."

एकही घेतलं नाही. नेलेली दोन्ही परत दिली. दोन्ही न वाचलेली होती. न वाचलेलं पुस्तक लगेच ओळखू येतं, पानं चिकटून राहतात.

३ फेब्रुवारी, सोमवार

काल रविवार होता. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मी वाचनालयात होतो. रविवारी वाचनालय बंद असतं.

आज कार्यकारिणीची बैठक. संभाजीनाना सगळ्यांत आधी येऊन बसले होते. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. तात्यांनी अभिप्राय वाचायला सांगितले. मी उभा राहून वाचले. करारात साक्षीदार हवेत. पलंगाचं प्रकरण लहान करता येईल. क्रमांक पाच वाचनीय. क्रमांक सहामधल्या पळण्याला आक्षेप होता, तो अंशतः कमी केला आहे, कारण बस उशिरा आली तरी जावंसं वाटू शकतं. क्रमांक चार रद्द, अनुभवाअंती. या पुस्तकांत बाईला काय पाहिजे ते विचारलं जातं, हे एका सभासदाचं मत जोडलं आहे. शिफारस, पुस्तकं क्रेटमध्ये ठेवावीत.

 मग नाना म्हणाले, "काल चौथा बी गेला."

तात्यांनी विचारलं, काय झालं.

"पाव्हणं बसल्यालं. पवं खाल्लं. पोरीनं पोराला इचारलं, तुमी घरी कुणाला काय पायजे ते इचारता का. त्यो म्हणला, पंपावर रोज इचारतो, साधं का पावर." नानांनी टोपी काढली. "मला बी हसू आलं. तितंच चुकलं."

मग ते माझ्याकडं वळले. "तू ही समदी वाचलीस. मला एक सांग. ह्यात पोराची काय चूक आसती?"

मी म्हणालो, "बहुतेक वेळा त्याला कळत नाही नाना."

"आन मग?"

"शेवटी कळतं."

"तवर बापानं काय करायचं?"

मी खरं तेच सांगितलं. म्हणालो, बापाला पुस्तकात फारसं काम नसतं.

नानांनी टोपी डोक्यावर घातली. मग तात्यांना म्हणाले, माझी तक्रार काढून टाका. उठता उठता मला म्हणाले, "बुधवारी फेरीला येशील तवा तुज्या दादाला संगं घिऊन ये."

क्रेटमध्ये प्रेमकथा राहणार हे एकमतानं ठरलं. मी ठराव लिहून घेतला. अक्षर वाईट आलं आहे, उद्या पुन्हा लिहीन.

५ फेब्रुवारी, बुधवार

दादाला मागं बसवलं, क्रेट त्याच्या मांडीवर. ओढ्यात त्याचे बूट भिजले. दादा रस्ताभर जबडा आवळून बसला होता. मी विचारलं, तर म्हणाला, दात दुखतो आहे.

नानांच्या ओसरीवर सतरंजी घातली होती. सांगवीचे मामा आधीच आलेले होते. त्यांनी दादाला विहिरीचं पाणी पुन्हा विचारलं, माझ्यासमोर, मुद्दाम. चहा यायला फार वेळ लागला. या वेळी मी दुधाचा विचार केला नाही.

माणसं बोलत होती तेव्हा माधवी शेडकडून आली आणि रोजच्यासारखी क्रेटपाशी बसली. वरखाली करून सगळी पुस्तकं पाहिली. मग एक काढून घेतलं.

नियम मला पाठ आहे. मी काही बोललो नाही.